‘आम्ही तर डोळ्यांनी बघितलं!’ : ‘देवमाणूस’, वाई प्रकरण आणि कोर्टाला न दिसलेला खून

ताई, तुमचा प्रश्न लांबलचक आहे, त्यातलं मला समजलं ते असं. घरात ‘देवमाणूस’ ही वाईच्या खऱ्या खून प्रकरणावर बेतलेली टीव्ही मालिका पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतली. तिच्यातला खुनी डॉक्टर अजितकुमार कोर्टातून सुटतो त्या भागाला सासूबाई इतक्या भडकल्या की टीव्हीच बंद करून टाकला. तुमचं म्हणणं, मालिका ताणायची म्हणून लेखकाने कोर्टाला खुळं ठरवलंय; सासूबाईंचं म्हणणं, खऱ्यातही असंच होतं. वर तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पोलीस खरंच इतके आंधळे असतात का? आणि खरा खटला चालू असताना त्यावर मालिका दाखवूच कशी देतात?

मी सत्र न्यायालयात फौजदारी कामं चालवतो. बहुतेक वेळा आरोपीकडून, मधली काही वर्षं सरकारकडूनही. वाईच्या खटल्यात माझं वकीलपत्र नाही. जे उघडपणे छापून आलं आणि जे कायद्याच्या पुस्तकात आहे तेवढ्यावरच बोलतो.

आधी खरं प्रकरण, कारण मालिका बघून बघून लोकांच्या डोक्यात दोन्हींची खिचडी झाली आहे. जून 2016 मध्ये सातारा जिल्ह्यातल्या वाई तालुक्यातली एक महिला बेपत्ता झाली. अंगणवाडी सेविकांच्या संघटनेत ती पदाधिकारी होती. घरच्यांनी तक्रार दिली, तपास फिरत फिरत डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या धोमच्या संतोष पोळ याच्यापर्यंत आला आणि ऑगस्ट 2016 मध्ये त्याला अटक झाली. त्यानंतर त्याच्या जागेत खोदकाम झालं, मानवी अवशेष निघाले. 2003 ते 2016 या काळात 6 जणांना, म्हणजे 5 महिला आणि 1 पुरुष यांना मारल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला गेला. त्याच्याबरोबर काम करणारी परिचारिका आधी सहआरोपी होती, पुढे ती माफीची साक्षीदार झाली, म्हणजे माफीच्या बदल्यात सरकारच्या बाजूने साक्ष द्यायला तयार झाली. सरकारतर्फे उज्ज्वल निकम यांची विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली. मालिका 31 ऑगस्ट 2020 ला सुरू झाली आणि 15 ऑगस्ट 2021 ला तिचा पहिला अध्याय संपला. त्या सगळ्या काळात खऱ्या खटल्याचा निकाल लागलेला नव्हता. म्हणून मी ‘आरोप’ हा शब्द मुद्दाम वापरतोय आणि पुढेही वापरणार आहे. सासूबाईंना तो बुळचट वाटेल, त्याला इलाज नाही.

आता त्यांच्या संतापाकडे येतो. मालिका गाजत होती तेव्हा मी हा संताप पक्षकारांकडून, रिक्षावाल्यांकडून, नातेवाइकांकडून ऐकलेला आहे. सगळ्यांचं वाक्य एकच: ‘अहो, आम्ही बघितलंय ना त्याने मारताना!’

बघितलंय, हे खरं. पण कोर्टात तसं बघितलेला कोणीही नसतो. रात्री साडेदहाला कॅमेरा दवाखान्यात शिरायचा, डॉक्टरच्या चेहऱ्यावर थांबायचा, सुई टोचताना दाखवायचा, खड्डा खणताना दाखवायचा. प्रेक्षक हा त्या खुनाचा एकमेव प्रत्यक्षदर्शी साक्षीदार, आणि त्याला साक्षीला बोलवायची सोय नाही. न्यायाधीशाच्या टेबलावर येतं ते वेगळंच: बेपत्ता झाल्याची नोंद, कधी निघाली आणि कोणाबरोबर दिसली याच्या साक्षी, फोनच्या नोंदी, दागिने गहाण ठेवल्याची पावती, खोदकामाचा पंचनामा, सीए रिपोर्ट म्हणजे सरकारी प्रयोगशाळेचा रासायनिक तपासणीचा अहवाल. यातला प्रत्येक कागद वेगळा उभा राहतो आणि वेगळा पडू शकतो.

अशा परिस्थितीजन्य पुराव्याची मोजपट्टी सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात घालून दिली, आणि ते प्रकरण पुण्याचंच होतं. प्रत्येक दुवा सिद्ध झाला पाहिजे, सगळे दुवे मिळून साखळी पुरी झाली पाहिजे, आणि आरोपी निर्दोष असू शकेल असा कुठलाही पटण्याजोगा अर्थ त्यातून निघता कामा नये. त्या खटल्यात खालच्या कोर्टाने आणि उच्च न्यायालयाने दोषी धरलेला नवरा सर्वोच्च न्यायालयात सुटला. आम्हा वकिलांना हा निकाल पाठ असतो. बचाव पक्ष तो पहिल्याच पानावर लिहितो.

‘पण त्याने कबुली दिली होती ना?’ हा दुसरा नेहमीचा प्रश्न. ऑगस्ट 2016 मधली वर्तमानपत्रं काढून बघा, ‘कबुली’ हा शब्द मथळ्यांमध्येच सापडेल. पोलिसांनी पत्रकारांना सांगितलं, पत्रकारांनी छापलं, लोकांच्या लेखी निकाल त्याच दिवशी लागला. कायद्याच्या लेखी त्या कबुलीची किंमत शून्य. भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 25 प्रमाणे पोलिसाकडे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. कलम 26 प्रमाणे कोठडीत असताना दिलेलाही नाही, दंडाधिकाऱ्यासमोर दिला असेल तर गोष्ट वेगळी. 1 जुलै 2024 पासून नवा साक्ष अधिनियम आला, त्यातही कलम 23 मध्ये हेच ठेवलंय. आधीपासून चालू असलेल्या खटल्यांना तर जुनाच कायदा लागतो. इंग्रजांनी हा नियम केला तेव्हाही कारण हेच होतं की पोलीस मारून कबुली घेतात, आणि ते कारण अजून गेलेलं नाही.

एक खिडकी मात्र उघडी आहे, कलम 27 ची. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला माहितीचा तेवढाच तुकडा चालतो. ‘मी तिला मारलं आणि इथे पुरलं’ या वाक्यातलं ‘मारलं’ कोर्ट बाजूला काढतं, ‘इथे पुरलं’ ठेवतं. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या लंडनच्या शेवटच्या अपील कोर्टाने, पुलुकुरी कोट्टया प्रकरणात हे स्पष्ट केलं आणि तेव्हापासून सगळी फौजदारी वकिली या एका वाक्याच्या चिरफाडीवर चालते. म्हणून मालिकेत ज्याला अर्धा मिनिट मिळतो तो खोदकामाचा प्रसंग खऱ्या खटल्यात आठवडेच्या आठवडे खातो. मेमोरंडम पंचनामा, म्हणजे आरोपीने दिलेली माहिती पंचांसमोर लिहून घेणं, कधी झाला? आधी माहिती दिली आणि मग सापडलं, की आधीच सापडलं होतं आणि माहिती नंतर लिहिली? पंच कोण, ते पोलिसांच्या ओळखीचे का? जागा फक्त आरोपीलाच ठाऊक होती, की तिथून सगळा गाव ये-जा करतो? तहसीलदार हजर होते का? हाडं पिशवीत भरून सील कोणी केली, प्रयोगशाळेत पोचली तेव्हा सील शाबूत होतं का?

आणि ती हाडं कोणाची? शेतातून निघालेल्या सांगाड्यावर नाव लिहिलेलं नसतं. मांडीच्या हाडातून किंवा दातातून डीएनए काढायचा, तो मुलाबाळांच्या नाहीतर आईबापांच्या रक्ताशी जुळवायचा, कवटीवर जुना फोटो ठेवून चेहरेपट्टी मिळते का बघायचं. ओळख पटली तरी मेला कशाने हे उरतंच. मऊ भाग गेलेला, वर्षं लोटलेली. इंजेक्शनने मारलं म्हणायचं तर ते औषध शोधायचं कुठे? मालिकेतल्या कोर्टात यातलं जवळजवळ काहीच आलं नाही. तिथे अजितकुमार स्वतःची केस स्वतः लढतो. तसा आरोपीला अधिकार आहे, पण हुशार आरोपी तो वापरत नाही. तरीही, आणि इथे मी तुमच्या सासूबाईंच्या बाजूने आहे, पुराव्याअभावी सुटणं हा त्या कथेतला सगळ्यात खरा भाग होता. युक्तिवाद नाटकी होते, निकाल अशक्य नव्हता.

सुटला म्हणजे कायमचा सुटला, असंही नाही. सरकार उच्च न्यायालयात अपील करू शकतं. नानावटी प्रकरण तुम्ही ऐकलं असेल, मुंबई, 1959: नौदलाच्या कमांडरने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. ज्यूरीने 8 विरुद्ध 1 मतांनी कमांडरला निर्दोष म्हटलं, सत्र न्यायाधीशांनी तो कौल न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली आणि 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तेव्हा टीव्ही नव्हता, पण कमांडरची बाजू घेणारं ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक होतं, आणि मुंबईतली निम्मी जनता कमांडरच्या प्रेमात होती. (तो देशातला शेवटचा ज्यूरी खटला होता हे सर्रास ठोकून दिलं जातं. तसं नाही, काही ठिकाणी ज्यूरी नंतरही होती. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती पुरती गेली.)

माफीच्या साक्षीदारावरही लोकांचा राग असतोच. ‘तिनेच मदत केली आणि तिलाच सोडलं?’ पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडातही टोळीतलाच एक जण माफीचा साक्षीदार झाला होता, आणि त्या खटल्यातल्या चौघांना नोव्हेंबर 1983 मध्ये येरवड्यात फाशी झाली. बंद दाराआड काय घडलं हे सांगणारा आतलाच माणूस लागतो, म्हणून कायदा हा कडू घोट गिळतो. पण फुकट नाही. जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत माफीच्या साक्षीदाराला साधारणपणे तुरुंगातच ठेवायचं, असं फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 306 मध्ये होतं, 2024 पासूनच्या नव्या संहितेतही ते तसंच आहे. खोटं बोलला किंवा काही लपवलं तर माफी जाते. आणि त्याच्या एकट्याच्या शब्दावर कोर्ट सहसा शिक्षा देत नाही, दुसऱ्या पुराव्याचा टेकू मागतं.

आता पोलीस. मालिकेतल्या पोलिसांना लोकांनी शिव्या घातल्या, विनोद केले, एसीपी दिव्या सिंगला सल्ले दिले. जाता जाता: सातारा जिल्ह्यात एसीपी, म्हणजे सहायक पोलीस आयुक्त, नसतो. ते पद पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरातलं; ग्रामीण भागात उपविभागीय पोलीस अधिकारी, म्हणजे डीवायएसपी. एवढं तरी लेखकाने विचारून घ्यायला हवं होतं.

पण तो पोलीस बावळट दिसतो याचं अर्धं कारण आपण आहोत. आपल्याला खुनी पहिल्या आठवड्यातच माहीत आहे. शिवाय कॅमेरा त्याच्याच घरात राहायला असल्यामुळे होतं काय, की कोणी दाराशी आलं तर आपण त्याच्यासाठी श्वास रोखतो. आता हा कसा निसटणार? निसटला की थोडं हायसं वाटतं, मग स्वतःची लाज वाटते, मग ती लाज पोलिसांवर काढतो. किरण गायकवाड यांचं काम चांगलं झालं म्हणूनच हे इतकं झालं. एखादा सुमार नट असता तर सासूबाईंना टीव्ही बंद करावा लागला नसता, त्या डुलक्या घेत बसल्या असत्या.

खऱ्यात 13 वर्षं कोणाला पत्ता का लागला नाही? माणसं दर आठवड्याला एकामागून एक गेली नव्हती. मध्ये मध्ये वर्षं गेली. घरं वेगळी, तक्रारी वेगळ्या वेळी. गावाकडच्या ठाण्यात प्रौढ बाई हरवल्याची तक्रार आली की ‘मिसिंग’ दाखल होतं, फोटो घेतला जातो, आणि ठाणे अंमलदाराच्या तोंडून एक वाक्य निघतं: ‘गेली असेल कुणाबरोबर, येईल.’ हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, एकदा नव्हे. तिथेच ती तक्रार मरते.

आता मालिकेवरच्या प्रतिक्रिया आठवा. त्यातल्या सरू आजीच्या म्हणींवर लोक खूश होते, टोण्या या पोरावर खूश होते, तो भाग निर्मळ करमणुकीचा. पण मेलेल्या बायकांबद्दल काय बोललं जायचं? ‘हिला कशाला जायचं होतं त्याच्याकडे?’ ‘लग्न झालेली बाई, लाज नाही.’ ‘असंच पाहिजे.’ पोलिसांना मूर्ख म्हणणारी माणसंच हे बोलत होती. ठाणे अंमलदाराचं वाक्य आणि हे वाक्य यांत मला काही फरक दिसत नाही. मालिकेनेही याला हातभार लावला. एकापाठोपाठ एक स्त्री डॉक्टरवर भाळते आणि फसते, असा साचा केला की बघणाऱ्याला वाटतं भाळणं हाच गुन्हा. खऱ्या प्रकरणात जे गेले त्यांच्यात एक पुरुषही होता हे किती प्रेक्षकांना माहीत आहे? आणि जिच्या बेपत्ता होण्यामुळे सगळं उघडकीला आलं ती भोळीभाबडी नव्हती, चार बायकांचं नेतृत्व करणारी होती. अशी बाई नाहीशी झाली तर ते झाकून राहत नाही. मालिकेसाठी ही गोष्ट जास्त चांगली झाली असती असं माझं मत. पण तिच्यात प्रेमप्रसंग कमी पडले असते.

गेलेल्यांची घरं त्याच तालुक्यात आहेत, हेही लक्षात घ्या. 2022 मध्ये अमेरिकेत जेफ्री डामर या खुन्यावरची मालिका नेटफ्लिक्सवर आली, तेव्हा मृतांच्या नातेवाइकांनी उघडपणे तक्रार केली की आम्हाला कोणी विचारलंसुद्धा नाही. आपल्याकडे विचारावंच लागतं का? कायद्याने, जवळजवळ नाही. ‘ऑटो शंकर’ नावाच्या खुन्याच्या आत्मकथेवरून तामिळनाडूत वाद झाला होता. त्यात 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की न्यायालयीन आणि सार्वजनिक नोंदीत जे आलं आहे ते परवानगीशिवाय छापता येतं. त्यापलीकडे खासगी आयुष्यात शिरलात तर जबाबदारी तुमची. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेला मात्र त्यातून वगळलं. मेलेल्या माणसाची बदनामी घरच्यांना दुखावण्याच्या हेतूने केली तर ती बदनामी धरली जाऊ शकते, तशी तरतूद आहे. पण नाव बदललेल्या पात्राबद्दल ती सिद्ध करायची म्हणजे डोंगर खणणं.

यातच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे. खटला चालू असताना मालिका दाखवता येते, कारण नाव बदललेलं असतं, गाव बदललेलं असतं, माणसाचं रूप बदललेलं असतं. ‘ब्लॅक फ्रायडे’ या चित्रपटात मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातली खरी नावं होती. आरोपी न्यायालयात गेले, प्रदर्शन थांबलं, आणि तो खटला चालवणाऱ्या विशेष टाडा न्यायालयाचे निकाल आल्यावर 2007 मध्ये चित्रपट लागला. ‘देवमाणूस’ला नावाच्या पडद्याने वाचवलं. वाईपासून कोल्हापूरपर्यंत शेंबड्या पोरालाही माहीत होतं हे कोणावर आहे, तरी कायद्याच्या दृष्टीने पडदा तो पडदाच.

लोकांना वाटतं धोका न्यायाधीशाला आहे, तो मालिका बघून बिथरेल. मला त्याची काळजी नाही. न्यायाधीशाला कारणं लिहून निकाल द्यावा लागतो, आणि ‘टीव्हीत बघितलं’ हे कारण लिहिता येत नाही. काळजी साक्षीदाराची आहे.

समजा एका शेजारणीने घटनेनंतर पोलिसांना एवढंच सांगितलं: ‘ती संध्याकाळी पिशवी घेऊन दवाखान्याकडे गेली, नंतर दिसली नाही.’ खरी, साधी, मोलाची साक्ष. खटला उभा राहायला वर्षं गेली. मधल्या काळात तिने रोज रात्री मालिका बघितली, गल्लीत चर्चा केली. आता कोर्टात ती सांगते, डॉक्टर दारात उभा होता, हसला, हातात सुई होती. ती खोटं बोलत नाही, तिला ते तसंच आठवतंय. मी बचावाचा वकील असेन तर पोलिसांकडचा जबाब काढून विचारणार: यात सुई नाही, हसणं नाही, का बरं? आम्ही त्याला ओमिशन म्हणतो. मग शांतपणे विचारणार: बाई, टीव्ही बघता का? रात्री साडेदहाला काय लागायचं? ती कौतुकाने नाव सांगेल. बस्स. तिच्या साक्षीतलं पिशवी घेऊन जाणंसुद्धा संशयात जाईल, आणि तेच खरं होतं. पंचांचं तेच, दागिने विकत घेणाऱ्या सराफाचं तेच. मालिकेवर चिडून ‘त्याला फाशी द्या’ म्हणणारा तालुका नकळत फाशीच्या वाटेतले दगडच वाढवत असतो.

सरकारी वकील असताना मी साक्षीदारांना सांगायचो की तुमच्या प्रकरणावर काही छापून आलं, दाखवलं गेलं तर बघू नका, बोलू नका. ऐकायचे थोडे. कायदा त्यांना सक्ती करत नाही, आणि वाहिनीलाही कोणी सांगत नाही की साक्षी होईपर्यंत थांबा. माझं स्पष्ट मत आहे की सांगायला हवं. मुख्य साक्षीदारांची उलटतपासणी होईपर्यंत त्याच जिल्ह्यातल्या, ओळखू येईल अशा प्रकरणावर मालिका येऊ नये. एवढी वाट बघायला निर्मात्यांचं काही बिघडत नाही. ‘मधला अध्याय’ म्हणत 2025 मध्ये तेच पात्र परत आलं, म्हणजे विषय शिळा होत नाही हे त्यांनाही माहीत आहे.

तुम्हाला स्वतःला काही करायचं असेल तर ‘मालिका बंद करा’ म्हणून शंख करण्यात अर्थ नाही. विशिष्ट भाग, तारीख आणि आक्षेपाचं दृश्य लिहून आधी वाहिनीकडे तक्रार द्या, दाद नाही लागली तर वाहिन्यांच्याच संघटनेच्या तक्रार परिषदेकडे. बळी गेलेल्या स्त्रीची टिंगल होते असं एखादं दृश्य नेमकं दाखवलंत तर तक्रारीला वजन येतं.

आणि सासूबाईंना खरं कोर्ट बघायचं असेल तर सत्र न्यायालयाचं दार उघडं असतं. बंद खोलीत चालणारी काही प्रकरणं सोडली तर कोणीही जाऊन मागच्या बाकावर बसू शकतं. फोन बंद ठेवा, सोमवारी गर्दी असते, दुसऱ्या एखाद्या दिवशी अकराच्या आधी पोचा, आणि बाहेरच्या बोर्डावर ‘पुरावा’ लिहिलेलं काम कोणत्या दालनात आहे ते शिपायाला विचारा. पंचाची उलटतपासणी मिळाली तर सोडू नका.